माझा नंबर कधी?

(३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीच्या दिवशी, नवी मुंबईत बेलापूरला जमलेल्या ग्रामसंघांच्या ताईंसमोर एका निवृत्त अंगणवाडी सेविकेने केलेलं भाषण. बोलणं जसं झालं तसंच छापलं आहे.)

ताईंनो, मावश्यांनो, आणि मागे दाराशी लेकरू कडेवर घेऊन उभी असलेली ती सूनबाई, तूही पुढे ये गं. इथे जागा आहे. पोर रडलं तर रडू दे. चौतीस वर्षं मी रडणाऱ्या पोरांपुढेच बोलत आले आहे, मला अडचण नाही.

मला भाषण द्यायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, कशावर बोलू? मॅडम म्हणाल्या, “बाई शिकून कशी पुढे येते त्यावर बोला. तुमचंच सांगा.” माझं सांगणारच आहे. पण त्याआधी दुसऱ्या एका बाईची गोष्ट सांगते. आज सावित्रीबाईंची जयंती. त्यांचा फोटो इथे समोर आहे, त्यांची गोष्ट आपल्या पोरींनाही पाठ आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिथे त्या शिकवायला उभ्या राहिल्या. मी जिची गोष्ट सांगणार, तिचा फोटो कुठल्या कार्यालयात मी अजून पाहिलेला नाही. तिचं नाव पार्वतीबाई आठवले.

पार्वतीबाई कोकणातल्या. रत्नागिरी जिल्ह्यातलं देवरुख, तिथल्या जोशांच्या घरात त्यांचा जन्म, १८७० सालचा. घर पैशाने बेताचं. तेव्हा गावात मुलींना शिकवायची रीत नव्हती, त्यामुळे शाळा नाहीच. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा पायाने अधू, पगार थोडका. विसाव्या वर्षी तो गेला. पदरात एक मुलगा, डोईचे केस काढलेले, आणि परत माहेरी. आता पुढचं आयुष्य म्हणजे काय, तर चूल, विहीर, सोवळं आणि दुसऱ्यांची बाळंतपणं. अशी सहा वर्षं गेली.

आता लक्ष देऊन ऐका. त्या बाईने शिकायला सुरुवात केली तेव्हा तिचं वय होतं सव्वीस. आपल्या गटात सव्वीस वर्षांच्या किती जणी आहेत? आणि त्यातल्या किती जणी म्हणतात, “आता माझं काय वय आहे का शिकायचं?”

एवढ्या वयात त्या शिकायला कशा निघाल्या? त्यांची थोरली बहीण होती, तिला घरात बाया म्हणत. बायाही बालविधवाच. भावाने तिला मुंबईला नेलं आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातलं. ते सदन १८८९ साली उघडलं, आणि तिथे शिकायला आलेली पहिली विधवा मुलगी ही बाया. पुढे १८९३ साली बायाने धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केलं. हेच ते महर्षी कर्वे. विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. पण पुण्यात बायाचं घर उभं राहिलं. १८९६ साली कर्व्यांनी विधवांना शिकवण्यासाठी आश्रम काढला. म्हणजे पार्वतीबाईंना जेव्हा शिकायचं होतं, तेव्हा पुण्यात एक बहीण होती, बहिणीचं घर होतं आणि बसायला एक वर्ग होता.

मी हे का सांगते? आपण अशी गोष्ट ऐकतो तेव्हा म्हणतो, “केवढी जिद्द!” जिद्द होतीच. पण जिद्द देवरुखमध्येही होती की, विसाव्या वर्षी. सहा वर्षं ती जिद्द विहिरीवर पाणी शेंदत होती. बहिणीने आधी वाट केली, म्हणून ती पुण्याला पोचली.

पुढचं थोडक्यात सांगते. सव्वीस वर्षांची बाई, मुलाची आई, बाराखडीपासून सुरू झाली. शिकली. आणि पुढे त्याच आश्रमात शिकवायला लागली, आश्रमाची व्यवस्थाही बघायला लागली. आश्रम १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याला माळावर गेला, तेव्हा तिथे होती एक झोपडी. आज तिथे केवढी मोठी संस्था आहे. ती उभी करायला पैसा लागला, आणि तो पैसा गोळा करायला पार्वतीबाई गावोगाव हिंडल्या. दारात उभं राहून आश्रमासाठी वर्गणी मागितली. ज्या बाईचं तोंड बघणं लोक अपशकुन मानायचे, ती बाई लोकांच्या दारात जाऊन सांगायची की आमच्या बाया शिकताहेत, मदत करा.

आणखी एक ऐका. त्यांना इंग्रजी यायचं नाही. खूप प्रयत्न केले, जमलं नाही. तर १९१८ साली, अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना, त्या अमेरिकेला गेल्या. बोटीने, एकट्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम केलं. भांडी घासता घासता इंग्रजी शिकल्या. दोन वर्षांनी परत आल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ‘माझी कहाणी’ हे पुस्तक, १९२८ सालचं. सव्विसाव्या वर्षी ‘ग म भ न’ गिरवणारी बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःच्या नावाचं पुस्तक काढते!

आता तुमच्यातली एखादी मनात म्हणत असेल, “ती बामणाची होती, तिला जमलं. आपलं काय?” तसं कोणी म्हणालं तर मी रागावणार नाही, कारण ते खरं आहे. कर्व्यांच्या आश्रमाचं दार सुरुवातीला वरच्या जातीच्या विधवांपुरतंच होतं. त्या काळी माझी आगरी आजी तिथे गेली असती, तर तिला आत घेतलं नसतं. कातकरी बाईचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून तर सावित्रीबाई आणि जोतीरावांचं मोठेपण, त्यांनी त्याच्या चाळीस-पन्नास वर्षं आधी खालच्या म्हटलेल्या जातींच्या मुलींसाठीही शाळा काढल्या होत्या. पण पार्वतीबाईंकडून मला जे घ्यायचंय, त्याला जात आडवी येत नाही. त्यांनी घेतलेलं फेडलं. बहिणीने हात दिला, आश्रमाने शिकवलं, आणि त्यांनी उरलेलं आयुष्य दुसऱ्या बायांना त्या वर्गात आणून बसवण्यात घालवलं.

आता माझं सांगते. यात मला थोडी लाज आहे, पण सांगते.

माझं गाव इथलंच, पनवेल-उरणच्या बाजूचं. आज तुम्ही स्टेशनावरून रिक्षाने आलात, दोन्ही बाजूला टॉवर बघितलेत. माझ्या लहानपणी या पट्ट्यात भातशेती, खाडी आणि मिठागरं. बाप मिठागरावर मजुरी करायचा, आई दुसऱ्याच्या शेतावर लावणीला आणि उरलेल्या वेळात खाडीत निवट्या, चिंबोऱ्या पकडायला. आमची स्वतःची जमीन म्हणायला एक तुकडा होता. मी सातवीत होते तेव्हा, १९७१ साली, जमिनीचे कागद आले. आईने अंगठा उठवला. त्या कागदावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, आणि मी सातवीत असून मलाही नीट कळलं नाही. रात्री आई अंगठ्याची शाई दगडाने घासत बसली होती. घासून घासून कातडी लाल झाली. मला म्हणाली, “तू शिक गो बाय.”

पण सातवीनंतर शाळा होती पाच मैलांवर. थोरल्या भावाला पाठवलं, मला नाही. अठराव्या वर्षी लग्न झालं. सासर एकत्र. सासू, दीर, जाऊ, पोरंबाळं मिळून चौदा माणसं. दोन वेळच्या चौदा माणसांच्या भाकऱ्या. आगरी घरात तांदळाची भाकरी असते, ती थापायला वेळ लागतो. मी आणि माझी थोरली जाऊ, आम्ही दोघी चुलीला बांधलेल्या.

गावात अंगणवाडी येणार असं कळलं. लोक म्हणाले, दहावी झालेली बाई असेल तर बरं. मी तीस वर्षांची. पोरगा चौथीत. मी रात्री त्याच्या पुस्तकावर बसायला लागले. अपूर्णांक मला माझ्या पोराने शिकवले. एकदा तो चिडून म्हणाला, “आये, तुला इतकंपण येत नाय?” मी उठून मोरीत जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत बसले.

सतरा नंबरचा फॉर्म भरला. फॉर्मची फी भरायला पैसे नव्हते. माझ्या जावेने दिले. कुठून दिले? तिने दोन वर्षं सुकटीचे पैसे कनवटीला बांधून ठेवले होते, तिला चांदीचे पैंजण करायचे होते. ते तिने माझ्या हातावर ठेवले. आणि परीक्षेच्या दिवसांत मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. चौदा माणसांच्या भाकऱ्या एकटीने थापल्या. सासू ओरडायची, “एकीला शाळेचं याड लागलं, दुसरी तिला फूस लावते.” जाऊ गप्प. मी पनवेलला पेपर देऊन यायचे, ताट झाकून ठेवलेलं असायचं.

१९८८ साली मी दहावी पास झाले. निकालाच्या दिवशी जाऊ पेढे वाटत फिरली. रात्री भांडी घासताना मला म्हणाली, “तुझं झालं. आता माझा नंबर कधी?” तिला शाळेचं तोंडही माहीत नव्हतं. मी हसले. म्हणाले, “येईल गं.”

मला अंगणवाडी मिळाली. गाव मला ‘बाई’ म्हणायला लागलं. सासूही चार लोकांत सांगायची, आमची सून बाई आहे. सकाळी मी चाळीस पोरांना गाणी शिकवायची, वजनं करायची, खाऊ वाटायची. दुपारी रजिस्टरं. घरी आल्यावर माझी चूल. माझा दिवस भरलेला. जाऊ अजून दोन-तीनदा म्हणाली, “मला नाव तरी काढायला शिकव.” मी म्हणाले, सुट्टीत. मे महिन्याची सुट्टी आली, लग्नं आली. दिवाळीची आली, भातकापणी आली. असं करता करता बावीस वर्षं गेली. मी गावातल्या हजारभर पोरांना अक्षर दाखवलं असेल. माझ्या घरात, माझ्याच चुलीजवळ बसलेल्या बाईला दाखवलं नाही. २०१० साली ती वारली. पेन्शनच्या कागदावर शेवटपर्यंत तिचा अंगठाच होता. आईच्या अंगठ्याचं मी जन्मभर मनाला लावून घेतलं, पण जावेचा अंगठा माझ्यामुळे राहिला.

म्हणून मी म्हणते की पार्वतीबाईंनी फेडलं, मी फेडलं नाही.

ताईंनो, आपण गटातल्या बाया. आपल्याला कर्ज म्हणजे काय ते सांगायला नको. घेतलं की हप्ता बसतो, हप्ता चुकला की बैठकीत नाव निघतं. शिक्षणाचंही तसंच आहे. एक बाई शिकते तेव्हा तिच्या मागे कोणीतरी भाकऱ्या थापत असतं, कोणीतरी तिचं पोर सांभाळत असतं, कोणाचे तरी पैंजण राहिलेले असतात. ते कर्ज कुठल्या वहीत लिहिलं जात नाही, म्हणून फेडायचं राहून जातं.

आपली दशसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, लेखे. पुढे आरोग्य, शिक्षण, पंचायतीत सहभाग, शासकीय योजना, शाश्वत उपजीविका. शिक्षण त्यात आहेच. पण मी किती बैठकांची इतिवृत्तं बघितली आहेत! शिक्षण म्हटलं की आपण लिहितो, ‘मुलांना नियमित शाळेत पाठवण्याबाबत चर्चा झाली.’ संपलं. अंतर्गत कर्ज आपण दवाखान्याला देतो, लग्नाला देतो, शेळीला देतो, मुलाच्या फीला देतो. तुमच्या गटात कुणा बाईने स्वतःच्या परीक्षेसाठी कर्ज मागितलंय? हात वर करा. … बघा, दोनच हात. आणि त्या दोघींसाठी टाळ्या वाजवा.

रस्ते आता आमच्या वेळेपेक्षा जास्त आहेत. जिला अजिबात वाचता येत नाही, तिच्यासाठी सरकारचा ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांवरच्या कुणालाही. तिथे शिकवणारे स्वयंसेवक असतात, म्हणजे गटातली दहावी-बारावी झालेली सूनही शिकवू शकते. जिने पाचवी-सातवीत शाळा सोडली, तिच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म अजून आहे, दहावीला आणि बारावीलाही. तो आता ऑनलाइन भरतात. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो लागतो. मुदत कधी संपते ते जवळच्या हायस्कूलमध्ये आधी विचारून ठेवा, कारण मुदत चुकली की वर्ष गेलं. मुक्त विद्यालयाचा म्हणजे एनआयओएसचा रस्ताही आहे, त्यात मराठी माध्यमातून दहावी करता येते. आणि एक लक्षात ठेवा, अंगणवाडी सेविकेलाही आता बारावी लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका व्हायचं तर बारावीनंतर डी.एड. आणि टीईटी. रस्ता लांब आहे, मी खोटं सांगणार नाही. पण त्याची पहिली पायरी तुमच्या गटाच्या बैठकीत आहे.

वेळ कुठून आणायचा, हे मला कोणीतरी विचारणारच. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे गावात २०१६ साली महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या, त्याहूनही मोठ्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून येतात. वर्ग कधी? दुपारी दोन ते चार. म्हणजे शेतातलं आणि घरातलं काम उरकल्यावर, संध्याकाळची चूल पेटायच्या आधी. त्यांनी बाईला शाळेच्या वेळेत बसवायचा हट्ट धरला नाही, शाळा बाईच्या वेळेत बसवली. हे गटाला जमणार नाही का? आपली बैठक आपण आपल्या सोयीने दुपारीच घेतो ना?

म्हणून मी आज तीनच गोष्टी मागते. पहिली, प्रत्येक गटाने येत्या बैठकीत विचारायचं, “शिकायचा नंबर कोणाचा?” एकीचं नाव वहीत लिहायचं. दुसरी, तिच्या फॉर्मला आणि पुस्तकांना अंतर्गत कर्ज द्यायचं, आणि परीक्षेच्या दिवसांत तिच्या घरच्या भाकऱ्या गटाने वाटून घ्यायच्या. भाकरी हे काम आहे, ते लिहून ठेवा, कोणी किती दिवस केलं ते. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. ती पास झाली की तिची परतफेड काय? पैशाचे हप्ते फेडेलच. पण त्याशिवाय तिने पुढच्या नंबरवालीला शिकवायचं. तेवढं केल्याशिवाय तिचं कर्ज मिटलं असं वहीत लिहायचं नाही.

मी आता निवृत्त आहे. गेल्या वर्षापासून माझ्या घराच्या पडवीत दुपारी सात जणी बसतात. त्यात एक माझ्या जावेची सून आहे. ती सहावीत शाळेतून काढलेली. तिचा सतरा नंबरचा फॉर्म या वेळी भरलाय. फी मी भरत होते, तर ती म्हणाली, “काकी, तुम्ही नको, गटाकडून घेते, हप्त्याने फेडते.” मला बरं वाटलं. मार्चमध्ये तिचे पेपर आहेत. त्या दिवसांत तिच्या घरच्या भाकऱ्या मी थापणार आहे. हात दुखतात आता, पण थापणार आहे. जावेचं देणं मला फेडता येणार नाही, पण तिच्या सुनेचे हप्ते तरी मी चुकवणार नाही.

घरी गेल्यावर चुलीजवळ कोण बसलंय ते बघा. सासू असेल, जाऊ असेल, नणंद असेल. तिला विचारा. ती हसेल, “माझं काय आता!” म्हणेल. पुन्हा विचारा. मी एकदा हसून सोडलं होतं, तुम्ही सोडू नका.

एवढंच बोलते. चुकलं माकलं पोटात घाला. जय सावित्री.